लग्न कुणाचं?

बीड जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला गाडी लावून माणूस खाली वाकला, की लोक चार कारणं धरून चालतात. पंक्चर झालं असेल, पेट्रोल संपलं असेल, साप दिसला असेल, नाहीतर मोजणी आली असेल. पाचवं कारण आमच्या आक्कानं काढलं. ती घडीची खुर्ची टाकून बांधावरच्या तणाचं चित्र काढत बसते.

आक्का चित्रकलेची शिक्षिका होती. तालुक्याच्या शाळेत तिनं पिढ्यान् पिढ्या पोरांना एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटला बसवलं. त्या परीक्षांचं वस्तुचित्र ज्यांनी काढलंय त्यांना माहीत आहे: एक बादली, तिच्या शेजारी वांगं, मागं सुरकुत्या पडलेलं फडकं. नोकरीभर तिनं तीच बादली वेगवेगळ्या कोनांतून बघितली. निवृत्तीच्या दिवशी नारळ-शाल घेऊन घरी आली आणि म्हणाली, "आता बादली नाही." ऋतूप्रमाणे आपल्या माळावर, घाटात, बांधावर जे आपोआप उगवतं तेवढंच काढायचं आणि त्याची हातानं छापलेली कार्डं करून माणसांना पाठवायची, असा बेत ठरला. त्यात माझ्याकडे दोन खाती आली, मोटारसायकल आणि छत्री.

छत्रीचं काम वरवर सोपं वाटतं. खरं काम असतं जमलेल्या लोकांना उत्तरं द्यायचं. आमच्याकडे एखादं माणूस अर्धा तास एका जागी बसून कागदावर काही करत असेल, तर ते सरकारी असणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. पहिला मोटारसायकलवाला थांबतो आणि विचारतो, "शक्तिपीठ महामार्गाची मोजणी हाय का?" दुसरा विचारतो, "पवनचक्कीवाले का?" तिसरा काहीच विचारत नाही, घरी जाऊन सातबारा घेऊन येतो.

पीकविम्याचा प्रकार त्याहून वरचा. या विषयात आमचा जिल्हा साधा नाही. विम्याचा 'बीड पॅटर्न' 2020 च्या खरिपात इथं सुरू झाला आणि पुढं राज्यभर गेला. नुकसानभरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली तर वरचा भार सरकारनं उचलायचा, आणि 80 टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीनं 20 टक्के ठेवून बाकीचे परत करायचे, असं ते गणित. हे गणित इथल्या पारावरचा माणूस बोटांवर करून दाखवतो. अशा प्रदेशात शेताच्या कडेला बसून कुणी पिवळं-हिरवं रंगवायला लागलं तर त्याला पंचनामाच म्हणणार. पाटोद्याकडे एक शेतकरी आक्काच्या मागं येऊन उभा राहिला. ती केन्याचं निळं फूल काढत होती. तो नम्रपणे म्हणाला, "बाई, आमचंबी सोयाबीन काढा की." आक्कानं काढलं. शिक्षिका आहे, विद्यार्थ्याला नाही म्हणत नाही. त्यानं कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "एवढं हिरवं काढू नका. नुकसान दिसाया पायजे."

त्यातून आक्का जलरंगात काम करते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या मोजल्या जातात, तिथं फुलासाठी पाणी खर्च करणं हा जनक्षोभाचा विषय होऊ शकतो. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हातारीनं तिच्या वाटीतलं गढूळ पाणी बघितलं आणि नुसतं म्हटलं, "ह्येवढ्यात माझं करडू पिलं असतं." आक्कानं त्यानंतर बरेच दिवस पेन्सिलीवर भागवलं.

पण म्हातारीनंच तिला खरं शिकवलं. आक्कापाशी जाडजूड पुस्तकं आहेत. व्ही. एन. नाईकांचा 1998 साली दोन खंडांत निघालेला मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ तिनं कुठूनसा मिळवलाय. त्यात लॅटिन नावं आहेत, पाकळ्या मोजलेल्या आहेत. म्हातारीनं पाकळ्या मोजल्या नव्हत्या. तिला हे माहीत होतं, की कुर्डूची कोवळी पानं कधी खुडायची, तरोटा कुठल्या पावसानंतर खायचा, केन्याची भजी कशी होतात. ही माहिती आक्काला फार महागात पडली. कारण सकाळी जे झाड 'उद्या काढू' म्हणून हेरून ठेवायची, त्याची संध्याकाळी कुणाच्या तरी घरी भाजी झालेली असायची. सुंदर कुर्डू हवा असेल तर म्हातारी उठायच्या आत पोचावं लागतं, आणि म्हाताऱ्या चारला उठतात.

या कामात घाई फुलांनाही असते, हे छत्री धरून बसल्यावर कळतं. केन्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं. उशिरा आलात तर उद्या या, असं सांगणारं ते एकमेव कार्यालय जिथं उद्या खरंच काम होतं. सराट्याचं पाच पाकळ्यांचं पिवळं फूल इतकं गोड दिसतं, की त्याच्याच काट्यानं आपल्या टायरचा जीव घेतलाय यावर विश्वास बसत नाही. कळलावी आणखी अवघड. कपिलधारच्या रस्त्याला श्रावणात ती झुडपांवर चढलेली असते. तिच्या पाकळ्या मागं वळलेल्या, आधी हिरवट-पिवळ्या, मग नारिंगी, मग लालभडक. आक्का पिवळ्यावर सुरुवात करायची, आणि दुसऱ्या खेपेला जाईपर्यंत फुलानं रंग बदललेला असायचा. तिचं कळलावीचं चित्र खाली पिवळं आणि वर लाल आहे. बघणाऱ्यांना ती शैली वाटते. मुळापासून शेंड्यापर्यंत जहरी असलेलं हे झाड तमिळनाडूनं राज्यफूल म्हणून घेतलं आणि आपण तामण घेतलं. तामण सुंदर आहे, वाद नाही. पण आमच्या माळावर ते आपणहून उगवल्याचं मी बघितलेलं नाही. राज्यफूल ठरवताना मराठवाड्याला कुणी विचारलं असतं तर एका सुरात एकच नाव निघालं असतं, तरवड.

तरवडाबद्दल मी जरा पक्षपाती आहे. पाऊस आला तरी तो फुलतो, रुसला तरी फुलतो. मुरमाड माळावर, जिथं दुसरं काही तग धरत नाही, तिथं कमरेएवढं झुडूप आणि त्यावर पिवळ्याधमक फुलांचे घोस. साल चामडं कमवायला वापरायचे. नवरात्रात घटावर याच्या फुलांची माळ चढते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेळी याला तोंड लावत नाही. चित्रकाराच्या दृष्टीनं याहून गुणी मॉडेल नाही. काल होतं तसंच आज असतं, न हलता बसतं, मानधन मागत नाही.

गंमत अशी, की आमच्याच भावकीतली मंडळी दर सप्टेंबरात गाडी करून साताऱ्याला कासचं पठार बघायला जातात. कास 2012 साली जागतिक वारशात गेलं. तिथं आधी नोंदणी करायची, शुल्क भरायचं, रांगेत उभं राहायचं, फुलावर पाय पडला तर रक्षक ओरडतो. ही मंडळी तिथं चपला सांभाळत, श्वास रोखून चालतात, दोनशे फोटो काढतात, आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पाठीवर पंप घेऊन स्वतःच्या बांधावर तणनाशक मारतात. आक्का एकाला म्हणाली, "अरे, हा तेरडाच आहे. तिथं पैसे देऊन बघितलास तो." तो म्हणाला, "तिथं लई व्हता. हितं येवढासाच हाय, त्येला काय बघायचं?"

असो. चित्रं जमली. आता कार्डं.

आधी कागद. आक्काचं म्हणणं, मराठवाड्यातलं फूल मराठवाड्यातल्याच कागदावर छापायचं. म्हणून खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याहून हातकागद आणला. तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हापासून तिथं कागद बनतो, असं सांगतात. दिल्लीच्या अख्ख्या जनतेला त्या स्थलांतराचा काय फायदा झाला ते इतिहासकार जाणोत, सातशे वर्षांनी आक्काला झाला. कागद जाड, कडा दातेरी, आणि रंग पिण्यात तरबेज.

मग ठसा. शाळेत भेंडी कापून ठसे उमटवले नाहीत असा मराठी माणूस विरळा. आक्कानं भेंडी ओलांडून लिनोलियमवर उडी घेतली. ते पुण्याहून मागवावं लागतं. त्यावर चित्र उलटं कोरायचं, शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासायचं. घरातले सगळे मोठे चमचे निळे झाले. फुलाचं ठीक असतं, उलटं कोरलं तरी फूलच राहतं. पंचाईत अक्षरांची. 'दिवाळी' हा शब्द उलटा कोरायला घेतला की पहिली वेलांटी दुसरी दिसते आणि दुसरी पहिली. आक्का नोकरीभर ज्या पोरांच्या वह्या लाल करायची, त्यांच्याबद्दल तिचं मत तिथं बदललं. बिचारी लिनोवर लिहीत असावीत.

चमच्यानं घासून हाताचा खांदा निखळायला आला तेव्हा आम्ही छापखान्यात गेलो.

तालुक्याच्या छापखान्यात आता छापखाना फारसा नसतो. पुढं फ्लेक्सचं मशीन, त्यावर कुणाचा तरी वाढदिवस हळूहळू बाहेर येत असतो. बाजूला संगणकावर बसलेला पोरगा एका पुढाऱ्याचा चेहरा गोरा करत असतो. मालकांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला आणि कपाटातून पत्रिकांचे जाडजूड अल्बम काढले.

"लग्न कुणाचं?"

"लग्न नाही. कार्ड छापायचंय."

"साखरपुडा?"

"नाही."

"मग वास्तुशांती. ही घ्या, कलशाची."

आक्कानं लिनोचा ठसा टेबलावर ठेवला. मालकांनी तो उलटसुलट बघितला. "तरवड हाय की हा," असं म्हणाले, आणि मला ते आवडले. पण लगेच धंद्यावर आले. "खाली विनीत कोण? प्रेषक, निमंत्रक, स्वागतोत्सुक?" कुणीच नाही, असं आक्का म्हणाली तेव्हा त्यांनी अल्बम मिटला आणि आयुष्याचं सार सांगितलं. "बाई, माणूस पत्रिका उघडतो ती आपलं नाव शोधायला. नाव नसंल तर ती ठिवतो कशाला? एका चुलत्याचं नाव राहिलं म्हणून लग्नं थांबलेली मी बघितलीत. तुम्ही नुसतं तरवड छापणार!" त्यावर 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' हे तरी टाकू, असा त्यांचा आग्रह होता. कुठला मामा, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्या ओळीशिवाय कार्ड मोकळं दिसतं.

मग आक्कानं आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे यानं मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ ॲम्स्टरडॅमला छापून घेतला, 1678 ते 1693 या काळात. 'हॉर्टुस मलबारिकुस'. त्याच्या कामात तीन कोंकणी वैद्य होते: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. त्यांनी 1675 साली दिलेला दाखला ग्रंथाच्या पहिल्या खंडात कोंकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत छापलेला आहे. नागरी अक्षर छापलं गेल्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी ते एक. "म्हणजे आपली लिपी कागदावर छापली गेली तीच रानफुलांच्या संगतीनं," आक्का म्हणाली. "लग्नपत्रिका नंतर आल्या."

मालक विचारात पडले. "खिळे कुठून आणले तवा?"

"खिळे नाहीत. तांब्यावर कोरून."

"आन् प्रूफ कुणी बघितलं?"

याचं उत्तर आक्काकडे नव्हतं. पण खिळ्यांचा विषय निघाला आणि मालक उठले. आतल्या खोलीत, जुन्या मतपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागं, त्यांच्या वडिलांचं ट्रेडल मशीन झाकून ठेवलेलं होतं. लिनोचा तुकडा लाकडावर चिकटवून खिळ्याच्या उंचीला आणला, की तो त्यात बसतो. पायानं चालतं, त्यामुळे भारनियमनाशी त्याचं वैर नाही. दुपारी वीज गेली, पुढचा वाढदिवस गळ्यापर्यंत छापून थांबला, आणि आतल्या खोलीत खटाक्-खटाक् तरवड उमटायला लागला. मालक स्वतः पाय मारत होते, फ्लेक्सवाला पोरगा आ वासून बघत होता. एक रंग झाला की वाळवायचं, मग दुसरा. पिवळा हिरव्यावरून जरा हलला की मालक स्वतःलाच शिवी घालायचे आणि वडिलांचं नाव घ्यायचे.

निवडणुकीची हवा होती, म्हणून त्यांनी एकच अट घातली. "पाठीमागं मुद्रक-प्रकाशकाचं नाव टाकावं लागंल." आक्का म्हणाली, तो नियम प्रचारपत्रकांना आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127 अ. "व्हय, पण फूल हाय ना," मालक म्हणाले. "कुणी कुठल्या पक्षाचं म्हणून विचारलं तर मी काय सांगू? तरवड पक्ष?" काँग्रेस गवताचा ठसा आक्कानं पिशवीतून बाहेरच काढला नाही.

अशा रीतीनं कार्ड तयार झालं. पुढं तरवडाचा घोस. मागं मुद्रक, प्रकाशक. आणि मध्ये आक्काच्या सांगण्यावरून तीन ओळी, फूल कुठलं, कुठं काढलं, कधी काढलं:

तरवड
मांजरसुंबा घाट
अश्विन

वर मालकांनी सवयीनं '॥ श्री ॥' टाकलं. हात थांबला नाही म्हणाले.

पोस्टात टाकताना आमच्या जिल्ह्याची एक अडचण पुढं आली. दसरा झाला की निम्मी गावं ऊसतोडीला निघतात, सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत. आक्काच्या कितीतरी विद्यार्थिनी त्यांत असतात. दिवाळीचं कार्ड पाठवावं तर दाराला कुलूप आणि राखणीला आजी. म्हणून नवरात्राच्या आधीच कार्डं गेली पाहिजेत, असं ठरलं. एकीचा पुढं कारखान्यावरून फोन आला. तिनं कार्ड कोपीच्या कुडाला खोचलं होतं. "बाई, हितं तरवड न्हाई. एकदांडी लई हाय, ती काढा पुढल्या टायमाला." आक्कानं ती यादीत सगळ्यात वर लिहिली.

पुण्याच्या नातेवाइकांचे निरोप आले. 'कासचं का?' नाही, बीडचं. 'बीडला फुलं असतात?' बीडच्या बातम्या पुण्यात रोज पोचतात, त्यांत फुलांची नसते हे मान्य आहे. आक्कानं त्यांना कळवलं, की याच जिल्ह्यात पालवणला 2020 च्या फेब्रुवारीत वृक्षसंमेलन झालं आणि त्याच्या अध्यक्षस्थानी वडाचं झाड होतं. मराठी संमेलनांच्या इतिहासात अध्यक्षांनी लांबलेलं भाषण न केल्याचं ते उदाहरण असावं. आणि अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर 'पंचीकरण' कापडी पासोडीवर लिहिलं, रोज ढब्बू पैशाची शाई त्यांना लागायची असं सांगतात. आमच्याकडे चांगल्या कामाला कागद लागतोच असं नाही. यावर पुण्याहून अंगठा आला.

जवळच्यांचे निरोप मात्र वेगळे यायला लागले. शेजारच्या काकूंनी कार्डाच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावून ते देव्हाऱ्यात ठेवलं. गेवराईच्या आत्यानं फोनवर थेट विचारलं, "अश्विन कोण गं? पोरगा काय करतो?" आक्काला काही कळेना. आत्या पुढं म्हणाली, "तरवड्याची भावकी बरी हाय म्हणतेत. पण मांजरसुंब्याच्या घाटात कशाला मंगल कार्यालय घेतलं? लेकरंबाळं घिऊन उतरायचं कसं?" तोवर आमच्या भावकीत बरीच चर्चा झालेली होती. नवरात्रात लग्न कसं, असं काहींचं म्हणणं. दसरा साडेतीन मुहूर्तांतला, त्याला पंचांग लागत नाही, असं बाकीच्यांचं. पत्रिकेवर नावं का नाहीत यावर एकमत झालं: पळून जाऊन केलं असणार, आता नुसतं जेवण असेल.

दसऱ्याला सकाळी आष्टीहून मामा आले. कडक इस्त्रीचं धोतर, सोबत दोन सुना, पिशवीत टॉवेल-टोपी आणि कोरं लुगडं. दारात मांडव नाही, वाजंत्री नाही, आक्का अंगणात दोरीवर कार्डं वाळत घालतेय. मामांनी चपला काढल्या, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "मोडलं का?"

सगळं समजावून सांगायला पुरणपोळी होईपर्यंतचा वेळ लागला. मामा रागावले नाहीत. आहेर परत न्यायचा नसतो म्हणून टॉवेल-टोपी मला मिळाली, लुगडं आक्काला. जेवण झाल्यावर त्यांनी दोरीवरची सगळी कार्डं एकेक करून बघितली. सराटा ओळखला, कळलावीला हात लावू नका म्हणून सुनांना बजावलं, केन्यापाशी थोडं थांबले. मग तरवडाचं कार्ड काढून घेतलं आणि म्हणाले, "तुळशीच्या लग्नानंतर नातवाचं हाय. असंच छापू. सोयरेबी चमकतील."

आक्काचा चेहरा असा उजळलेला मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा बघितला.

"फक्त ह्या घोसात," मामा म्हणाले, "मधी गणपती बसतोय का बघ."

संध्याकाळी आपटा द्यायला छापखान्याचे मालक आले होते. त्यांनी कार्ड हातात घेऊन अंगठ्यानं माप घेतलं. "बसतोय की. गणपती कुठंबी बसतो. पाकळीतच बसवू. नावं किती?"

मामांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. तो दोन्ही बाजूंनी भरलेला होता.